गेन्झोला सापडलेला सुतेकिची

जपान देशातली ही गोष्ट, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची. एका नदीकाठच्या गावात तोयो नावाची बाई राहायची. तिची मुलं जगत नसत. आपल्याकडे अशा घरी मुलाला दगडू, धोंडू म्हणतात ना, तशी तिकडेही एक रीत होती. बाळ सुपात घालून वाटेवर टाकून द्यायचं. ठरलेल्या माणसानं ते उचलायचं आणि ‘सापडलंय, सांभाळता का?’ म्हणत आईलाच परत द्यायचं. म्हणजे मृत्यूला वाटावं, हे त्या घरचं नव्हेच.

तोयोनं आपला तान्हा होडीच्या उताराशी ठेवला. ठरल्याप्रमाणे गेन्झो नावाड्यानं सूप उचललं. इतक्यात एक उतारू आला आणि होडीत बसला. भर उन्हात त्याची सावली पडत नव्हती, असं म्हणतात.

“पलीकडे सोड,” तो म्हणाला.

गेन्झो काय ते समजला. याच्यादेखत मूल आईला देणं शक्य नव्हतं. तो सूप घेऊन होडीत चढला. मागोमाग तोयोही, परक्या बाईसारखी.

मधल्या धारेत बाळ रडू लागलं. तोयोला पान्हा फुटला. तिनं सुपाकडे पाठ केली.

“तुझं का गं हे?” उतारूनं विचारलं.

“माझं असतं तर असं रडू दिलं असतं का?” आवाज कापू नये म्हणून तिनं होडीची कड घट्ट धरली.

“मग कोणाचं?”

“माझं!” गेन्झो खेकसला. “सापडलंय मला. नाक बघा की, माझ्यासारखंच नकटं! आणि हलू नका हो, होडी कलंडेल.”

उतारू बघत राहिला. त्याच्या नजरेनं पाणी थिजलं, वल्हं जागीच रुतलं, असं म्हणतात. गेन्झोनं छाती लावून वल्हं रेटलं. काठ आला, तसा उतारू गवतातून चालत गेला आणि दिसेनासा झाला.

मग गेन्झोनं सूप पुढे केलं. “बाई, हे मूल सापडलंय. सांभाळशील का?”

तोयोनं हात पसरले.

मुलाचं नाव सुतेकिची ठेवलं. सुते म्हणजे टाकून दिलेला, किची म्हणजे भाग्य. तो केस पांढरे होईतो जगला.

आता तिथे पूल आहे. पण अजूनही तान्हं मूल घेऊन पूल ओलांडताना आई ते दुसऱ्याच्या हाती देते आणि स्वतः मोकळ्या हातांनी चालते. कोणी विचारलंच, “कोणाचं हो बाळ?” तर सगळे एका आवाजात सांगतात, “गेन्झोचं!”