धरणाचं दार आणि हिरवा दिवा

एक होतं जंगल. राज्य सिंहाचं, कारभार संगणकांचा. जंगलाची स्वतःची लिनक्स होती, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली संगणक-प्रणाली, त्यामुळे कोणीही प्राणी पॅकेज, म्हणजे एखादं काम करणारा प्रोग्राम, बनवून द्यायचा आणि ते चालतं का हे यंत्र आपोआप तपासायचं. हिरवा दिवा लागला तर पॅकेज आत, लाल लागला तर परत. यंत्र पैसे खायचं नाही, म्हणून दरबारात ते कोणाला फारसं आवडत नसे.

यंत्र सांभाळायची धुरपा मुंगूस. तिचं बीळ धरणाखाली, बिळात पिल्लं.

एकदा राजाचे मेहुणे तरसराव धरणाचं दार चालवणारं पॅकेज घेऊन आले. यंत्राने दार उघडून पाहिलं, उघडलं. लावून पाहिलं, लागेना. लाल दिवा.

"बाई, उघडतंय ना? मग झालं तर," तरसराव म्हणाले. "आपलं सरकार खुल्या विचारांचं आहे."

"साहेब, पाणी माझ्या बिळात शिरेल."

सिंहाने तातडीने सभा घेतली. "बंधूंनो, काही शक्तींना विकासाचं दार बंद झालेलं बघायचंय!" माकडांनी टाळ्या पिटल्या.

आता यंत्रात एक जुनी सोय होती. खोड माहीत असेल आणि दुरुस्ती चालू असेल, तर चाचणीपुढे 'नापास अपेक्षित' असं लिहायचं. मग पॅकेज नापास झालं तरी दिवा हिरवाच, कारण झालं ते ठरल्याप्रमाणे. दरबाराने ते लिहवून घेतलं. दुरुस्तीचं नाव कोणी काढलं नाही.

दार उघडलं ते उघडंच राहिलं. धुरपाने भिजलेली पिल्लं कशीबशी झाडावर चढवली. सिंहाने गिधाडावर बसून हवाई पाहणी केली आणि म्हणाला, "पूर येणार हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. याला म्हणतात दूरदृष्टी."

धुरपाचं डोकं फिरलं. तिने स्वतः बसून पॅकेज दुरुस्त केलं आणि चाचणीला लावलं. दार उघडलं, लागलंसुद्धा. आणि यंत्राने लाल दिवा लावला! नापास व्हायचं ठरलेलं असताना हे पास कसं झालं? 'नापास अपेक्षित' खोडायचा अधिकार फक्त दरबाराला, आणि दरबार सत्कारात गुंतलेला. नियमाप्रमाणे तिचं पॅकेज फेकलं गेलं, तरसरावांचं राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

धुरपा पिल्लं घेऊन टेकडीवर निघाली. वाटेत एक ससा प्रचाराला उभा होता.

"मावशी, मत तरसरावांनाच द्या बरं का."

"उमेदवारांची चाचणी घेता का रे तुम्ही?"

"घेतो की," ससा म्हणाला. "जे नक्की नापास होतात, त्यांनाच तिकीट मिळतं."