दुधाच्या दातांची किंमत

चूक थोरल्या महाराजांची होती. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी सगळे मिळून पोरीलाच हावरट म्हणतात.

तर उसाच्या मुलखात एक राजा होता. नावाला राजा, हुकूम चालायचा त्याच्या बापाचा, थोरल्या महाराजांचा. राजाची राणी मंजुळा, आणि त्यांची लेक बकुळा, दोन वर्षांची. रोज निजताना थोरले महाराज काकवीच्या वाटीत बोट बुडवायचे आणि नातीच्या तोंडात द्यायचे. चोखता चोखता पोर झोपायची. त्या घरात थोरांनी भरवलेलं नको म्हणायची सोय नव्हती, बरं का. मंजुळा नुसती बघायची.

एकदा काय झालं, खिडकीत एक सुतार पक्षी येऊन बसला. साधासुधा नाही, बोलणारा. झाडातली काढता काढता माणसाच्या दातातली कीड काढायला शिकलेला.

म्हणाला, "महाराज, पोरीच्या दातात कीड शिरलीय. अजून सुईच्या टोकाएवढी आहे. रात्रीची काकवी बंद करा, निजताना ओल्या फडक्यानं दात पुसा. कीड मी काढतो. त्या किडीला खायला आमराईतली एक वाळकी फांदी द्या, म्हणजे ती परत यायची नाही."

थोरले महाराज हसले. "दुधाचे दात ते! पडायचेच आहेत. त्यांच्यापायी फांदी कशाला घालवू? आम्ही नाही का असेच वाढलो?"

हसताना दिसलं, त्यांच्या तोंडात दात दोनच. पण बोलणार कोण?

मग पावसाळा सरला. बकुळाच्या दातांवर काळे ठिपके आले. पक्षी परत आला. "कीड वाढलीय. आता अख्खं झाड लागेल."

"फांदीचं झाड झालं? लुबाडतोस होय रे?" महाराजांनी त्याला हाकलला. मंजुळानं नवऱ्याकडे पाहिलं. तो पगडी नीट करत बसला.

मग थंडी पडली, आणि बकुळाचा गाल फुगला. अंग तापलं. पाणीसुद्धा गिळेना. आजोबांचं बोट पुढे आलं तशी ती किंचाळली. मंजुळानं काकवीची वाटी उचलली आणि खिडकीबाहेर भिरकावली.

"मामंजी, पोर हातची चाललीय. बोलवा त्याला!"

पक्षी तिसऱ्यांदा आला. तोंडात डोकावून म्हणाला, "आत पू झालाय. खाली पक्के दात दडून बसलेत, तेही नासतील. आता आमराई लागेल. सगळी."

ती आमराई थोरल्या महाराजांनी स्वतःच्या हातानं लावलेली. त्यांनी एकदा खिडकीबाहेर आमराईकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "घे."

टक, टक, टक! तीन दात निघाले. मागोमाग बोटाएवढी कीड निघाली आणि सरपटत आमराईकडे गेली. बकुळा गाढ झोपली. उठली ती म्हणाली, "आई, दूधभात दे ना." मंजुळा हसत हसत रडली.

पुढं बकुळाला भाऊ झाला. त्याला काकवी नाही, रोज रात्री फडकं. पक्षी यायचा, तोंडात बघायचा, काही न मागता उडून जायचा. भावाच्या दातांपायी फार तर एखादं फडकं झिजलं असेल.

तशी ती सगळी सुखात राहिली. तुम्हीही चूळ भरा आणि निजा बघू.

थोरल्या महाराजांची आमराई मात्र गेली. एक झाड उरलं नाही.