ओनाबे टेकडीचं उजवं झाड

मंडळी, दम लागला असेल तर पायरीवरच टेका. दोनशे बारा पायऱ्या चढून आलेला माणूस आधी देवाला नाही, स्वतःच्या गुडघ्यांना हात जोडतो. आता समोर पाहा. ही तोमेनो गावाची ओनाबे टेकडी, पालथ्या पातेल्यासारखी. देवळाच्या डावीकडे पाईनचं एक झाड, उजवीकडे दुसरं. डावं देवानं लावलं. उजवं कान्पेईनं लावलं, आणि गावाला विचाराल तर तेच जास्त देखणं.

कान्पेई लाकडी ठसे कोरायचा. चेरीच्या फळीवर बाईच्या कपाळावरचा एकेक केस सुटा कोरी, असं सांगतात. त्याच्या तोडीचा कोणी नाही हे सहा गावं मान्य करायची. सातव्या गावाला तो स्वतः जाऊन पटवून यायचा. त्याची बायको ओतोमे ठशाला रंग लावून कागदावर छाप उठवायची.

एका वर्षी उत्सवासाठी टेकडीचं चित्र छापायचं ठरलं. तेव्हा वर एकच झाड होतं, देवाचं. रिन्शो नावाच्या चित्रकारानं पातळ कागदावर ते डावीकडे काढलं, मध्ये देऊळ, उजवीकडे मोकळं आभाळ. सही मात्र केली नाही. कोरलेलं पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही, असा त्याचा तोरा. तो गेला गरम पाण्याच्या झऱ्यावर पाठ शेकायला.

कोरण्याची रीत अशी, की कागद फळीवर पालथा चिकटवायचा, म्हणजे छाप सुलट उठते, आणि रेघांवरून कोरत जायचं. कोरता कोरता कागद संपतो, मूळ चित्र उरत नाही. पातळ कागदावर रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसतात. बाजू कळते ती सहीवरून. इथं सहीच नव्हती. चित्र इतकं सुरेख, की कान्पेई बघत राहिला आणि त्यानं कागद सुलटाच चिकटवला. मग तेवीस दिवस जीव ओतून कोरलं.

ओतोमेनं पहिली छाप उचलली आणि किमोनोची बाही तोंडाला लावली. रडत नव्हती, हसत होती म्हणे.

"सगळं छान आहे हो," ती म्हणाली. "फक्त देवाचं झाड उजवीकडे गेलंय."

ठसा बिघडवणाऱ्यानं सुरी परत करायची आणि पुन्हा लाकडाला हात लावायचा नाही, असा कारागिरांचा नियम. उत्सव दहा दिवसांवर. दोन दिवस त्याला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "ठसा चुकलेला नाही. टेकडीच अपुरी आहे."

मागच्या उतारावरचं माणसाएवढं पाईनचं झाड दोघांनी मुळांसकट उपटलं, गवताच्या दोरांनी बांधून खांद्यावरून वर आणलं आणि उजवीकडे लावलं. चित्रातल्यापेक्षा ते बरंच बुटकं होतं. वाढेल, असं कान्पेई कोणी न विचारताच सांगायचा. इकडे ओतोमेनं ओल्या कुंचल्यानं छापेच्या डावीकडे फिकट धुकं उतरवलं.

देवळाच्या पुजाऱ्यानं छाप उजेडात धरली. धुक्यामागं काय आहे, त्यानं विचारलं.

"देवाचं झाड," ओतोमे म्हणाली. "ते कुठं जातंय?"

पुजाऱ्यानं चित्रं उत्सवात मांडू दिली. पण नवं झाड वाळलं तर चित्र खोटं आणि सुरी गेली, हेही बजावलं. मग कान्पेईनंच नवस केला, झाडाला पालवी फुटेपर्यंत सुरीला शिवणार नाही.

हिवाळाभर त्यानं झाडाला पेंढा गुंडाळला, बर्फ झाडला. बाळ कोणावर गेलंय, असं गाव विचारायचं. निम्म्या सुया पिवळ्या पडून गळाल्या, तशी ही चेष्टाही थांबली. वसंतात एका टोकाला बोटभर कोंब दिसला. कान्पेई झाडाशेजारी बसून राहिला. बढाई मारायची राहून गेली, असं आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं.

रिन्शो दुखरी पाठ घेऊन वर आला. छाप पाहिली, टेकडी पाहिली. ठशात लाकडाचा नवा तुकडा बसवून त्यानं आपलं नाव कोरायला सांगितलं, आणि शेजारी कान्पेईचंही. कोरणाऱ्याचं नाव सहसा कोणी घालत नसे. "माझं चित्र कागदावर होतं," तो म्हणाला, "तुझं डोंगरावर आहे."

आजही दर शरदात गावचे कोरणारे जुनी छाप घेऊन वर येतात. चित्रात नसलेली फांदी छाटतात, वाकलेलीला टेकू देतात. तुम्हीही खुशाल फोटो काढा. चित्राशी जुळला नाही, तर तुमचा कॅमेरा दुरुस्त करून घ्या.