रोबोंचे साहेब

यंत्रमानवांबद्दल आमच्याइतकं जाणणारा पंचक्रोशीत दुसरा नाही. घरचा मिक्सर मात्र बायकोच चालू करते. तर, बसलं की हात मंदावतात म्हणून बिस्किटांच्या कारखान्यात डफळे साहेबांनी पाकिटं भरणाऱ्या बायकांची स्टुलं उचलून नेली. यमुनाक्काचे पाय सुजून खांब झाले. मालक फेरीवर आले, तेव्हा तिनं त्यांच्यादेखतच स्टूल मागितलं.

साहेब खेकसले, "ए रोबो! पिक्चरमधला रोबो कधी बसलेला बघितलास? जास्त बोललीस तर तुमच्या जागी खरेच रोबो आणीन!"

अक्काच्या मस्तकात तिडीक गेली. ती मालकांकडे वळली.

"आणाच मालक! पाकिटं ते झकास भरतील. पण शिव्या घातल्या तरी ते घाबरायचे नाहीत. मग ह्या साहेबांना पगार कशाचा द्याल?"