परत आलेली माउली

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यांनाही ते नक्की ठाऊक नसतं. डोंगरांच्या मधोमध एक छोटासा देश होता आणि त्या देशाचं एक नामांकित चित्र होतं. एक आई आणि तिच्या कडेवरचं मूल. लोक त्या चित्राला 'माउली' म्हणत.

एकदा समुद्रापलीकडच्या राजाची फौज आली आणि जाताना माउलीला गुंडाळून घेऊन गेली.

लोक खूप रडले. मग आठवतंय तोवर त्यांनी ते चित्र आपापल्या दाराशेजारच्या भिंतीवर काढून घेतलं. पुढे रीतच पडली. दर चैत्रात जुनं चित्र आधी कागदावर उतरवून घ्यायचं, भिंत गेरूनं सारवायची आणि पुन्हा माउली काढायची. हे काम चितारणींच्या एका घराण्याकडे होतं.

अशी शंभर वर्षं गेली. एका चितारणीला माउलीचे कान ओकेबोके वाटले, तिनं कुड्या घातल्या. दुसरीनं नथ घातली. तिसरीनं मूल जरा गुबगुबीत केलं. आणि आताची चितारीण गोजरा, तिनं माउलीला हसवलं. सगळ्यांना ते हसू फार आवडलं. सासवा तर भिंतीकडे बोट दाखवून सुनांना म्हणत, "बघ, कशी हसतमुख आहे! नाहीतर तू." सुना खाली मान घालत.

एक गोष्ट मात्र कुणी बदलली नव्हती. माउलीच्या मागे चुलीपासून जमिनीवर उतरून वळलेली, पुढे दोन फाटे फुटलेली एक पांढरी माळ होती. चुलीला माळ कशाला, हे कुणालाच सांगता येत नसे. आधीच्यांनी काढली म्हणून पुढच्याही काढत.

इकडे समुद्रापलीकडे नवी राणी गादीवर बसली. लुटून आणलेली चित्रं तिला आपल्या महालात बघवेनात. एक म्हातारा दूत माउलीला घेऊन या देशात आला. राजाला म्हणाला, "आमच्याकडे दहा देशांची चित्रं आहेत. चुकीच्या घरी जायला नकोत. हे तुमचंच आहे, अशी तुमच्या जाणत्या माणसानं सही द्यावी. तुमचं नसेल, तर मी परत नेतो."

राजवाड्याच्या चौकात सगळं गाव जमलं, ढोल वाजले. चित्र उलगडलं आणि ढोल थांबले.

चित्र लहान होतं, काळवंडलेलं होतं. त्यातली बाई हसत नव्हती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. कडेवरचं पोर किडकिडीत आणि भोकाड पसरलेलं.

"ही कोण?" गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "माउलीची मोलकरीण दिसतेय."

"नथ कुठाय हिची?"

"ठेवून घेतली असेल त्यांनी. चोरच ते!"

राजानं गोजराला बाजूला घेतलं. "चितारीणबाई, ही अशी आपल्याला शोभणार नाही. हिला नथ घाल, थोडी हसव, मग सही दे. नाहीतर आपली नाही म्हणून सांग आणि जाऊ दे परत."

गोजरा कुंचला घेऊन चित्रासमोर बसली. तिलाही ही बाई आवडली नव्हतीच. शिवाय ही खरी ठरली, तर गावातली भिंतन् भिंत खोटी ठरणार. मग येत्या चैत्रात आपल्याला कोण बोलावणार?

ती वाकली. कुंचला बाईच्या ओठांपाशी नेला आणि तिची नजर मागच्या चुलीवर गेली.

चुलीवर भांडं होतं. भांड्यातलं दूध उतू गेलं होतं. चुलीवरून ओघळून जमिनीवर आलं होतं, दगडापाशी वळलं होतं आणि पुढे त्याचे दोन फाटे झाले होते. तेच वळण, तेच दोन फाटे. डोळे मिटूनही गोजराच्या हातून ते निघालं असतं.

तिनं कुंचला खाली ठेवला.

"महाराज, ही आपलीच. ती माळ नव्हतीच. दूध आहे ते, उतू गेलेलं. शंभर वर्षं आम्ही त्याला माळ समजून काढतोय."

"आणि मग ते हसू?"

"ते माझं. नथ माझ्या आजीची. कुड्या तिच्याही आधीच्या. हिचं यातलं काहीच नाही."

"म्हणजे आम्हाला फसवलंत होय इतकी वर्षं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"फसवायचं नव्हतं हो," गोजराचा आवाज बारीक झाला. "छान दिसावी म्हणून केलं."

राजा म्हणाला, "नीट विचार कर. उद्यापासून तुझ्याकडून भिंती कोण रंगवून घेईल?"

"ते मलाही माहीत नाही, महाराज. पण हिला मी परत पाठवणार नाही. आणि हिच्या तोंडाला हातही लावणार नाही."

आणि तिनं सही केली.

तेवढ्यात गर्दीतून एक तरुण बाई पुढे घुसली. कडेवरचं पोर किंचाळत होतं, पदराचा पत्ता नव्हता. तिनं चित्र पाहिलं आणि पाहतच राहिली.

"अगंबाई! हिचंपण?" ती हसायलाच लागली आणि हसता हसता रडायला लागली. "मला वाटायचं, माझं एकटीचंच उतू जातं."

तिची सासू शेजारीच उभी होती. गावात तिच्या जिभेला सगळे भीत. ती चित्राजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "माझंही जायचं. तू घरात येण्याआधी." आणि हात पुढे केले. "दे त्याला इकडे. तू बघ निवांत."

माउली चौकातच राहिली. त्या चैत्रात निम्म्या गावानं गोजराला बोलावलं नाही, हे खरं आहे. पण उरलेल्या घरांत ती गेली, तेव्हा सुना कामं टाकून तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहत आणि बजावत, "डोळ्यांखालचं काळं विसरू नका हं, चितारीणबाई."

तात्पर्य एवढंच: आपलं माणूस दमलेलं, विस्कटलेलं परत आलं, तरी ते आपलंच असतं. त्याला आधी ओळखावं, सजवायची घाई करू नये.