सुव्रत राजाचा अडसर

एका राज्यात एकही दार बंद होत नव्हते. राजवाड्याचे नाही, गोठ्याचे नाही, देवघराचेही नाही. कडी घालावी तर निसटायची, खिळा ठोकावा तर गळून पडायचा, आणि दोन पैलवान पाठ लावून उभे राहिले तर दार त्यांनाच लोटून उघडायचे. बायका चौकटीला लुगडे बांधून अंघोळी उरकत. शेळ्या माजघरात, कुत्री चुलीपाशी, आणि पाहुणे तर कुठेही. पहिले चार दिवस लोक हसले. पाचव्या दिवशी हसू मावळले, कारण उघड्या वेशीतून पितळी गरुड आत आले.

हे कसे घडले ते आधी सांगायला हवे.

राज्य डोंगरावरचे, लहानसे. घाटाखाली रणोत्तम सम्राटाचा मुलूख. एवढा मोठा की त्याच्या एका टोकाला पेरणी चाले तेव्हा दुसऱ्या टोकाला मळणी. डोंगरातल्या गुहांत काजळमुखे राहत. तोंडाला काजळ फासलेले, कुणालाही नाव न सांगणारे हे मारेकरी घाट उतरून सम्राटाच्या बाजारात मंतरलेली मडकी फोडत. मडके फुटले की आग लागे, आणि ती पाण्याने विझत नसे. एका सणाच्या दिवशी नव्वद माणसे जळाली. सम्राटाचा धाकटा मुलगा त्यांतच होता. काजळमुखे परत डोंगरात येऊन लपले. डोंगराच्या सुव्रत राजाला हे ठाऊक होते, पण गुहेत शिरून त्यांना धरण्याची त्याची छाती झाली नाही.

सम्राटाकडे पितळी गरुड होते. जादूगारांनी ते ओतले होते, आणि चोचीत निखारा धरून ते वाटेल तिथे टाकत. पण डोंगराच्या वेशीला पूर्वजांनी मंतरलेला सागवानी अडसर होता. तो जागेवर असेपर्यंत परक्याचे शस्त्र आत येत नसे. राज्याची रीतही तशीच होती. परक्याने कडी तीनदा वाजवावी, आपले नाव सांगावे, आणि आतून ‘या’ आल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. ही रीत सम्राटालाही लागू होती आणि भिकाऱ्यालाही.

मग एके दिवशी अडसर नाहीसा झाला. सम्राटाच्या माणसांनी तो चोरून नेला, अशी राजाने दवंडी पिटवली. त्या दिवसापासून राज्यातली सगळी दारे उघडीच राहिली.

राजाचा एक वकील होता, भानुदत्त नावाचा. परराज्यात जाऊन राजाच्या वतीने बोलायचे हे त्याचे काम. या पदावर बसणाऱ्याच्या जिभेवर राजमुद्रा टेकवत. मुद्रा लावलेले पत्र वकिलाने फोडले, तर त्याच जागी त्याच्या जिभेचा दगड व्हायचा. भानुदत्ताला या शपथेचा भारी अभिमान होता. तीस वर्षांत एकाही पत्रावरची लाख त्याने नखाने खरवडून पाहिली नव्हती, आणि हे तो जेवताना, चालताना, न विचारताही सांगे.

राजाने त्याला बोलावले. हातात एक पांढरा खलिता दिला आणि एक तांब्याची नळी दिली. नळीवर लाख होती.

“खलिता भर दरबारात वाच,” राजा म्हणाला. “नळी सम्राटाच्या हातात दे. फोडू नकोस.”

“आज्ञा,” भानुदत्त म्हणाला.

घाट उतरून त्याने खलिता वाचला. ‘अडसराची चोरी हा आमच्या राज्याचा घोर अपमान आहे. तो तत्काळ परत करावा.’ त्याच्या आवाजाने दरबाराचे खांब घुमले. सम्राटाने शांतपणे ऐकले, नळी फोडली, आतले वाचले.

“राजाचा संताप पोचला,” तो म्हणाला, आणि त्याचा एक ओठ किंचित हलला.

भानुदत्त घरी पोचला त्याच दिवशी गरुडांनी मेंढीमाळावर निखारे टाकले. दोन काजळमुखे मेले. अकरा मेंढपाळही मेले.

दुसऱ्या खेपेचा खलिता पहिल्याहून कडक होता. वाचताना भानुदत्ताच्या डोळ्यांत खरेखुरे पाणी आले. सम्राटाने नळी घेतली आणि म्हणाला, “माझ्या बाजारात नव्वद जळाले तेव्हा तुझा राजा रडला नव्हता. बरे, पोचला संताप.” आठवडाभरात कोंदणवाडीत लग्नाच्या मांडवावर निखारे पडले. त्या मांडवात काजळमुखा एकच होता, नवऱ्या मुलाचा मावसभाऊ. बाकी सगळे जेवायला बसलेले लोक होते.

तिसरी खेप आली. या वेळी नळी भानुदत्ताला जड वाटली, पण त्याने तो विचार झटकला. सीमेवर सावलघाट नावाचे गाव होते. तिथे त्याची एकुलती लेक कुमुद नांदत होती. जावई सैन्यात गेलेला, घरात ती आणि तीन महिन्यांचे बाळ. तो वाटेत तिच्याकडे थांबला. तिने भाकरी वाढली, पण वाढतानाही ती दाराकडे तोंड करूनच बसली.

“बाबा, रागावू नका,” ती म्हणाली. “तुम्ही मोठमोठ्या दरबारांत बोलता. मला त्यातलं कळत नाही. माझं दार लागू दे, एवढंच करून या. बाळ मांडीवर असलं की दाराकडे पाठ करवत नाही. डोळा लागला की दचकून उठते.”

“लागेल, बाळा. याच खेपेला लागेल,” तो म्हणाला.

घाटाच्या माथ्यावर एक पितळी गरुड पडला होता. त्याचा पंख मोडला होता आणि चोचीतला निखारा विझला होता. भानुदत्ताला पाहून त्याने मान उचलली.

“वकिला, आलास? या वेळी नळीत कुठले गाव आहे?”

“कसले गाव? नळीत राजाचे खाजगी पत्र असते.”

“पत्र तर खरेच. आम्हाला वाट दिसत नाही, वकिला. आतल्या माणसाने नाव घेऊन ‘या’ म्हटल्याशिवाय आम्ही उंबरा ओलांडू शकत नाही. मेंढीमाळाला ‘या’ म्हटले ते पहिल्या नळीत होते. कोंदणवाडीला ‘या’ म्हटले ते दुसऱ्या नळीत. दोन्ही तूच आणल्यास.”

“खोटे! अडसर तर तुम्ही चोरला.”

“काजळमुखे आम्ही मारावेत म्हणून अडसर तुझ्या राजाने सम्राटाला दिला. स्वतःच्या हाताने दिला, आणि चोरी झाली म्हणून ओरडला. म्हणून दारे रुसली आहेत. ज्याने दिला त्याने सर्वांसमक्ष ‘मी दिला’ म्हणावे, की तो आपल्या जागी येईल. मला खोटे बोलता येत नाही. ओतताना जादूगारांनी ते घातलेच नाही.”

भानुदत्त दगडावर बसला. नळी मांडीवर ठेवली. तीस वर्षे त्याने ज्या लाखेकडे पाहून मान ताठ केली होती ती लाख समोर होती. नेऊन दिली तर कुठले तरी गाव जळणार. फोडली तर जीभ जाणार, आणि जिभेशिवाय वकील म्हणजे काय? त्याला खूप भीती वाटली. त्याहून जास्त स्वतःची शरम वाटली. मेंढपाळांची घरे त्याला आठवली, जेवायला बसलेल्या पंगती आठवल्या. त्याने नळी फोडली.

आत राजाच्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘सावलघाट. या.’

त्याने किंकाळी फोडायला तोंड उघडले. तोंडातून काही आले नाही. जीभ दाताला लागली तेव्हा दगडावर दगड वाजावा तसा आवाज झाला.

तो तिथून उलटा फिरला. सावलघाट वाटेतच होते, पण लेकीला भेटायलाही तो थांबला नाही. राजाला दुसरा वकील नेमायला किती वेळ लागणार होता? मोडक्या गरुडाला त्याने पाठीवर बांधले आणि राजधानी गाठली.

राजा दरबारात होता. भानुदत्ताने फुटलेली नळी सिंहासनासमोर ठेवली आणि गरुडाला खाली उतरवले. राजाचा चेहरा पडला.

“दरवाजे लावा!” तो ओरडला. “हे खलबत आहे. सगळ्यांना बाहेर काढा!”

पहारेकरी धावले. त्यांनी दरवाजे ओढले, ढकलले, खांदे लावले. दरवाजे लागतील कसे? राज्यातले कुठलेच लागत नव्हते. ओरडा ऐकून चौकातले लोक आत आले. त्यांना कोण अडवणार? मेंढीमाळाचे आले, कोंदणवाडीचे आले. गरुड बोलू लागला, आणि बोलला तो राजाच्याच आवाजात, कारण ज्याने बोलावले त्याचाच आवाज त्याच्या पोटात होता. “मेंढीमाळ. या.” मग म्हणाला, “कोंदणवाडी. या.”

कोंदणवाडीची एक म्हातारी पुढे आली. तिच्या कपाळाला अजून लग्नातली हळद होती. तिने ती धुतली नव्हती.

“महाराज, माझ्या नातवाच्या मांडवात कोण आलं ते आम्ही विचारलं नव्हतं. आमच्या वतीनं तुम्ही ‘या’ म्हणालात का?”



“म्हणालो,” राजा म्हणाला. “काजळमुख्यांची भीती वाटली, सम्राटाची वाटली, आणि तुमचीही वाटली. अडसर चोरीला गेला नाही. मी दिला.”

त्याबरोबर वेशीकडून धाडकन आवाज आला. अडसर आपल्या जागी होता. कुठून आला ते कुणी पाहिले नाही. राज्यातली सगळी दारे एकदम लागली. कितीएकांची बोटे चेंगरली, पण कुणी तक्रार केली नाही.

तिसऱ्या दिवशी रणोत्तम सम्राट स्वतः वेशीवर आला. त्याने कडी तीनदा वाजवली, नाव सांगितले.

“माझे मारेकरी तुझ्या घरात आहेत,” तो म्हणाला.

“आहेत,” आतून सुव्रत म्हणाला. “घर माझे आहे. मी धरून देईन. ‘या’ म्हणणार नाही.”

सम्राट परत फिरला. दोघांची मैत्री राहिली नाही. बोलणे तेवढे राहिले. सुव्रत सैन्याच्या पुढे होऊन गुहांत शिरला. शंभर गेले होते, साठ परत आले. काजळमुख्यांची तोंडे धुऊन त्यांना वेशीबाहेर उभे केले, तेव्हा त्यांत गावोगावची ओळखीची पोरे निघाली. पुढे मरेपर्यंत राजा रोज सकाळी वेशीचा अडसर स्वतः काढी आणि संध्याकाळी स्वतः घाली.

भानुदत्त मात्र दारे लागली त्याच दिवशी सावलघाटाला निघाला होता. भर दुपारी पोचला. लेकीचे दार बंद होते. ते पाहून त्याला एवढा आनंद झाला की थोडा वेळ तो अंगणात नुसता उभा राहिला. मग त्याने कडी तीनदा वाजवली.

“कोण आहे?” आतून कुमुदचा आवाज आला.

भानुदत्ताने तोंड उघडले.

“नाव सांगा,” ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, “नाव सांगितल्याशिवाय दार उघडत नाही.”

काजळमुखे अजून गुहांत होते, आणि नाव न सांगणारे तेच. तिने केले ते बरोबरच होते. त्याने पुन्हा कडी वाजवली. आतून कडी आणखी घट्ट सारल्याचा आवाज आला. मग पाळणा कुरकुरू लागला, आणि दाराकडे पाठ करून बसलेल्या बाईचे गाणे हळूहळू सुरू झाले.

भानुदत्त पायरीवर बसला. संध्याकाळी पाण्याला ती बाहेर येईलच. तोवर तो गाणे ऐकत राहिला.