ताप येऊन गेलेली हौसाबाई

"...मग आता सुई कशाला, आऊ? ताप येऊन गेला की मला!"

हौसाबाई मठाचा ओटा चढता चढताच बोलली. वाटेभर तिच्या डोक्यात हेच घोळत होतं.

म्हाताऱ्या आऊ धुनीपाशी बसल्या होत्या.

"फ्लूनं पार लोळवलं मला. हाडं मोडली, खोकून खोकून बरगड्या दुखल्या. पर उठलेच की! आता त्यो ताप मला बघून वाट बदलंल."

"त्यो ताप? बदलंल की."

हौसा फुलली. "मग हेच वनिताला सांगा. पोटची पोरगी, बाळंत झालीया, आन मला म्हनती फ्लूची लस टोचल्याबिगर उंबऱ्यात येऊ नगं! तान्हीला एवढ्यात टोचत न्हाईत म्हनं, म्हून तिच्या भवतालच्यांनी टोचून घ्यायचं. मी काय परकी हाय? नात अजून मांडीवर घेतली न्हाई मी..."

"वनिताचं बराबर हाय."

"आन माझं?"

"तुझंबी खोटं न्हाई."

हौसाचं डोकं भणभणलं. दोघींचं कसं बरोबर असेल? एकीचं तरी चुकायला नको? म्हातारीला चळ लागला की काय, असंही मनात येऊन गेलं. पण गुरू केलेली बाई. तोंड आवरलं.

तेवढ्यात खाली बूट वाजले.

खाकी कपडे, काळा चष्मा, झुबकेदार मिशा, काखेत दांडकं.

"धुनीला लाकूड कुठलं हे? जंगलातलं? कुनी तोडलं?"

मोळी हौसानंच आणली होती.

"साहेब, आऊंना काय बोलू नका. म्या तोडलं. मला न्या."

"चला मग चौकीला!"

"चलते. पर लेक बाळंतीन हाय माझी. एकडाव नात बघून येते, मग कुठं डांबायचं तिथं डांबा..."

ती पाया पडायला वाकली, तसा साहेब टुणकन मागं सरला.

"अवं मावशी, पाप लावता का मला? बहुरूपी हाय मी! भाकरी वाढा."

चष्मा निघाला. मिशाही निघाल्या.

"तू व्हय रं मुडद्या!" हौसा कडाडली. "गेल्या साली मारुती होऊन आलतास, तवा वेशीतच वळखलं हुतं तुला!"

"आन शेपटीला धरून थांबवलंत की! इसरलो न्हाई मी."

आऊंनी उठून त्याला भाकरीवर झुणका घालून दिला. तो पायरीवर जाऊन खात बसला.

हौसानं राग काढावा तरी कुणावर? बहुरूप्यावर, लेकीवर, की या म्हातारीवर, जी साधं हसतही नव्हती?

"आऊ, फिरवू नका मला. मला नात मांडीवर घ्यायचीया. ताप येऊन गेलाय. आता सरळ सांगा, सुई घेऊ का नगं?"

आऊंनी धुनीत एक काटकी सारली.

"औंदा त्याला शेपूट न्हवतं, हौसा. तापबी बहुरूपीच."